नळाच्या खड्ड्याची किल्ली

तुमच्याकडे नळाला रोज किती वाजता पाणी येतं, असं पुण्याच्या एका मैत्रिणीनं मला विचारलं होतं. रोज! मी नुसती हसले. आमच्या संभाजीनगरात, आई-अण्णांच्या गल्लीत, नळ आठवड्यानं येतो, कधी दहा दिवसांनी. आणि ज्या दिवशी येतो त्या दिवशी सगळ्या गल्लीत धावपळ. कुणी अर्धी आंघोळ टाकून पळतं, कुणी ऑफिसात फोन करून पोट दुखतंय म्हणून सांगतं. त्याला आमच्याकडे पाण्याचा दिवस म्हणतात. मला त्या दिवसाची धास्ती बसली होती, कारण त्या दिवशी माझे ब्याऐंशी वर्षांचे वडील खड्ड्यात उतरायचे.

खड्डा म्हणजे अंगणातला नळाचा खड्डा. पाण्याला जोर नाही, म्हणून गल्लीतल्या बहुतेक घरांनी कधीकाळी जमीन खणून नळ खाली नेलेला आहे. आमचा खड्डा छातीइतका खोल आहे. उतरायला तीन पायऱ्या, त्याही अण्णांनी स्वतःच्या हातानं केलेल्या, एक रुंद, एक अरुंद, तिसरी वाकडी. खाली नळ आणि शेजारी जमिनीतला हौद. पाणी आलं की अण्णा खाली उतरणार, पहिलं गढूळ पाणी बादल्यांत काढणार, मग ओंजळीत घेऊन वास घेणार, घोटभर तोंडात घेऊन चव बघणार, आणि मगच "आलं, चांगलं हाय" असं वर सांगून पाइप हौदात सोडणार. आई वर माठ आणि गाळायचं फडकं घेऊन त्या शब्दाची वाट बघत उभी. हे मी लहानपणापासून बघत आले. त्यात काही लक्ष देण्यासारखं आहे असं मला कधी वाटलं नाही.

मी राहते चिकलठाण्याच्या पलीकडे एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर. शाळेत गणित शिकवते. आई-अण्णांना मी एकटीच. अण्णा पाटबंधारे खात्यात कारकून होते. फुलंब्रीकडच्या गावातून नोकरीसाठी आले, प्लॉट घेतला, तीन खोल्या बांधल्या. हे घर सोडायचं नाही, हे दोघांचं पक्कं ठरलेलं. मीही म्हणायचे, नका सोडू, कोण सोडा म्हणतंय? फक्त मी सांगते तसं राहा.

मी सांगते तसं म्हणजे काय, तर मागच्या दिवाळीनंतर मी कंबर कसली. अण्णांना घेऊन शहागंजात गेले आणि न्हाणीघरात धरायला स्टीलच्या दांड्या घेतल्या. दुकानदार म्हणाला, "आपा, इस दांडी पे हाथी लटका दो, कुछ नइ होता." अण्णांनी दांडी उलटीसुलटी करून बघितली आणि मला म्हणाले, "आपल्या न्हाणीत हत्ती कधी आला होता?" मी लक्ष दिलं नाही. दांड्या बसवल्या, खरखरीत फरशी घातली, दारांतले उंबरे काढले, पलंगावरून हाताशी येईल असं दिव्याचं बटण केलं. दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर आईनं दांडीवर परकर वाळत घातलेला.

"लई बेस केलंस बाई," ती म्हणाली, "दोरी बांधायचं वाचलं."

मी ओरडले. मी ओरडतेच, माझा स्वभावच तो. शाळेत चाळीस पोरांवर ओरडून घसा तयार झालाय, तो घरी कसा बंद होणार?

उन्हाळा लागता लागता, एका पाण्याच्या दिवशी, अण्णा त्या वाकड्या पायरीवरून घसरले आणि खड्ड्यात बसून राहिले. काही मोडलं नाही, पण उठता येईना. आईनं वरून हात दिला. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई ती, तिच्यानं काय ओढवणार? मग ती फाटकाशी जाऊन हाका मारत राहिली. सगळी गल्ली आपापल्या नळाशी गुंतलेली, घराघरातून मोटारींची घरघर, तिचा आवाज जाणार कुणाला? बऱ्याच वेळानं समोरच्या भाभींनी बघितलं. त्यांच्या नवऱ्यानं काखेत हात घालून अण्णांना वर काढलं. हे सगळं मला दोन दिवसांनी कळलं, तेही भाभींकडून. आई-अण्णांनी फोनवर चकार शब्द काढला नव्हता.

माझं डोकं असं फिरलं की विचारू नका. शाळा सुटल्यावर तशीच गेले.

"किती वेळ बसला होतात आत?"

"बसलो जरासा," अण्णा म्हणाले. "गार होतं आत."

"गार होतं? अण्णा, तुम्ही मेला असतात!"

"तुझ्या तोंडाला काही धरबंध?" आई म्हणाली. अण्णा पेपर वाचायला लागले. पेपर कालचा होता.

मी प्लंबरला बोलावलं. नळ वर घेता येईल का? तो म्हणाला, ताई, दोन फूट वर घेतला तरी थेंब चढायचा नाही. मग नळाला कायमचा पाइप लावून थेट हौदात सोड, म्हटलं. तर अण्णा मध्ये पडले. पहिलं गढूळ पाणी थेट हौदात? त्यात गटाराचं मिसळलेलं असलं म्हणजे? मग म्हटलं, दुसरं कुणीतरी उतरेल. अण्णा म्हणाले, "कोण?" पाणी कोणत्या दिवशी, किती वाजता येणार ते देवालाही ठाऊक नाही, आठवडाभर माणूस बसवून कुठून ठेवणार? उत्तर नसलं की मी जरा जास्तच जोरात बोलते. खड्ड्यावर लोखंडी झाकण करून घेतलं, त्याला कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

त्यांना कोरडं ठेवलं असं नाही. दर आठवड्याला टँकर सांगितला, हौद काठोकाठ भरायचा. प्यायला जार सांगितला, जारवाला आत आणून स्टँडवर ठेवायचा. आणखी काय करायचं असतं माणसानं?

टँकर पहिल्यांदा आला तेव्हा आईनं ड्रायव्हरला विचारलं, "कोणत्या हिरीचं पाणी हाय हे?" तो म्हणाला, "आजी, मला काय माहीत? भरून देतेत, मी आणतो." आई आत गेली. जारकडे बघून म्हणाली, "हे लग्नात पितेत बाई."

"मग समज, रोज लग्न आहे," मी म्हणाले. तीही हसली. मला वाटलं, मिटलं.

अण्णांनी वाद घातला नाही. पाण्याच्या दिवशी ते झाकणाशेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि शेजारच्यांच्या नळांचा आवाज ऐकायचे. एकदा मी नेमकी त्या दिवशी गेले होते. कुलूप काढ, असं ते एका शब्दानं म्हणाले नाहीत. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण मनात म्हटलं, बसलेत ना वर, बास झालं. मी किल्ली दिली नाही.

रोज संध्याकाळी माझा फोन ठरलेला. गोळ्या घेतल्या? जेवलात? आणि ऊन वाढलं तसं आईला, पाणी किती प्यायलीस?

"व्हय, दोन तांबे."

तिचा तांब्या तिच्या पलंगाशेजारी असतो. रविवारी जायचे तेव्हा बघायचे, संध्याकाळपर्यंत तो खरोखर रिकामा झालेला असायचा. मी खूश. अण्णा जारचं पाणी प्यायचे, कुरकुरत का होईना, पण प्यायचे.

एप्रिलमध्ये आई बिघडायला लागली. भाजीत मीठ दोनदा. दुपारी झोपली की तिन्हीसांजेपर्यंत उठायची नाही. उभी राहिली की झोक जायचा. एका रविवारी मी दारातून आत आले तर म्हणाली, "अक्का, कधी आलीस गं?" अक्का म्हणजे तिची थोरली बहीण. तिला जाऊन कैक वर्षं झाली. अण्णा म्हणाले, "झोपेत हाय ती." पण ती झोपेत नव्हती, डोळे उघडे होते तिचे.

मी ठरवून टाकलं, हिची आठवण जायला लागली. मोबाइलवर वाचत बसले, वाचलं तेवढं सगळं तिला लागू पडत होतं. सुट्टीत दोघांनाही माझ्याकडे हलवायचं, घराला कुलूप लावायचं. सांगितलं तसं. आईला त्या दिवशी जरा हुशारी होती. ती म्हणाली, "आमाला तिसऱ्या मजल्यावर ठिवती व्हय?"

"मग काय करू? सांगा ना तुम्हीच, काय करू मी?" मी रडतच बोलले ते. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. हात इतका कोरडा की ब्लाउजला घासल्याचा आवाज येत होता. तोही मी ऐकला आणि सोडून दिला.

त्याच आठवड्यात एका सकाळी अण्णांचा फोन आला. अण्णा फोनवर लांबण लावणारा माणूस, आधी हवापाणी विचारणार. त्या दिवशी म्हणाले, "ये." बास, एवढंच.

आई स्वयंपाकघरात ओट्याखाली बसलेली होती, पाय पसरून, भिंतीला टेकून. अंग तापलेलं, ओठ फुटलेले, जीभ लाकडासारखी. मला ओळखलं नाही. अण्णा तिच्याशेजारी फरशीवर बसून तिचा पदर सारखा करत होते. माझ्या दांड्या न्हाणीघरात चकचकत होत्या, एक न्हाणीच्या दाराशी, एक नळाशी. ओट्याखाली कोण दांडी लावतं?

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं आईच्या मनगटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली.

"पाणी किती पितात?"

"दोन तांबे," मी म्हणाले. "मी रोज विचारते."

"नाही पीत," अण्णा म्हणाले.

मी वळून बघितलं. ते स्वतःच्या चपलांकडे बघत होते.

"अण्णा, मी स्वतः बघितलंय, तांब्या रिकामा असतो."

"कढीपत्त्याला घालती ती. भर उन्हाळ्यात कसा फुटलाय, बघितला नाय व्हय तू?"

बघितला होता ना. मी डब्यासाठी तोडूनही नेला होता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगून काय केलं असतं तू? जारवाल्याला आणखी एक जार सांगितला असता."

डॉक्टरीण आमच्या दोघांकडे बघत होती. मी वर्गात पोरांना विचारते ना, समजलं का, तेव्हा ती जशी गप्प उभी राहतात तशी मी उभी राहिले.

सलाइन लागली. डॉक्टरणीनं नीट समजावून सांगितलं. आठवण बिठवण काही गेलेली नाही. आठवडेच्या आठवडे पाणी पोटात नाही, त्यानं लघवीत जंतू झाले, ताप डोक्यात चढला, म्हणून बरळणं. औषधानं उतरेल. "पण पाणी पोटात गेलं पाहिजे," ती म्हणाली. "या वयात पुन्हा असं झालं तर किडनी साथ देणार नाही. मग मलाही फार काही करता येणार नाही."

तिसऱ्या दिवशी आईनं मला माझ्या नावानं हाक मारली. मला इतका आनंद झाला, आणि तोंडातून काय निघालं तर, "पाणी का ओतून देत होतीस गं? जीव घ्यायचा होता का माझा?"

तिनं मोकळ्या हातानं चादर सारखी केली. मग म्हणाली, "त्यांनी बघितलेलं नसतंय ते."

"काय बघितलेलं नसतं?"

"पाणी. ते वास घेतेत, चव घेतेत, मग मी भरते. तू लहान होतीस तवा तुला कावीळ झाली होती, आठवतं? नळात घाण आली होती. तू पिवळी पडली होतीस हळदीवानी. तवापसनं ते आधी पितेत. त्यांना काय झालं नाय, मग आपण."

कावीळ झालेली मला आठवते. उसाचा रस आठवतो, बिनतेलाची भाजी आठवते. खड्ड्याचा आणि माझा काही संबंध असेल हे मला माहीत नव्हतं. चाळीस-बेचाळीस वर्षं हा माणूस माझ्यासाठी आधी पाणी पिऊन बघत आला, आणि मी त्याच्यावर कुलूप घातलं होतं. लाज वाटली. नुसती लाज नाही, स्वतःचा संताप आला. पण संताप करून पायऱ्या थोड्याच कमी होतात? अण्णा ब्याऐंशीचेच राहतात, खड्डा छातीइतकाच राहतो.

घरी आणल्यावर मी रजा टाकून तिथंच राहिले. टँकरचं पाणी उकळून गार केलं. फिल्टर बसवला. अण्णांना आधी प्यायला लावलं, पण कोणत्या हिरीचं ते ठाऊक नाही, म्हणून "चांगलं हाय" असं ते म्हणेनात. लिंबाचं सरबत केलं, ताक केलं, पेज केली. आई सगळ्याला हो म्हणायची, पेला हातात घ्यायची, दोन घोट घ्यायची आणि तोंड मिटायचं. मी रागावले, विनवण्या केल्या, एकदा तर पाया पडले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मुद्दाम नाय करत गं. खालीच जात नाय. गळा धरतो."

हट्ट असता तर मी तोडला असता. हट्टी पोरं मी रोज सरळ करते. गळ्याला काय करू? दिवसभर मी चमच्या-चमच्यानं पाजायचे आणि कागदावर रेघा ओढायचे, किती चमचे गेले. संध्याकाळी रेघा मोजून बघायचे. डॉक्टरणीनं सांगितलं होतं त्याच्या अर्ध्यावरही येत नव्हत्या. पाचव्या दिवशी तिच्या मनगटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती पुन्हा उभी राहायला लागली होती. अण्णांनी मला ते करताना बघितलं.

सहाव्या दिवशी सकाळी समोरून भाभींची हाक आली, "पानी आया, पानी!"

मी पर्समधून किल्ली काढली. कुलूप काढलं, झाकण ओढून बाजूला केलं. अण्णा उठायच्या आत मीच खाली उतरले. उतरताना माझाच पाय त्या वाकड्या पायरीवर मुडपला, पन्नाशीच्या बाईचा. नळ सोडला, गढूळ पाणी दोन बादल्यांत काढलं, मग स्वच्छ यायला लागलं. ओंजळीत घेतलं, वास घेतला, प्यायले. कसला वास आला पाहिजे आणि कसला नाही, देव जाणे. "आलं, चांगलं आहे!" मी ओरडले, अगदी त्यांच्यासारखं.

तांब्या भरून वर आले. आई फडकं मांडीवर घेऊन खुर्चीत बसली होती. तिनं फडक्यातून पेल्यात गाळून घेतलं, ओठाला लावलं आणि खाली ठेवलं.

"आई, मी प्यायले ना! तुझ्यासमोर प्यायले!"

"तुला काय कळतंय पाण्यातलं?" ती हळूच म्हणाली, मला वाईट वाटू नये अशा आवाजात.

मी तांब्या अण्णांपुढं धरला, तर "वास नळाशी कळतो, तांब्यात नाय," म्हणत ते उठले. धोतर खोचलं. "सर," मला म्हणाले.

नको म्हणायला मी तोंड उघडलं होतं. आईच्या मनगटाकडे बघितलं आणि सरले. अण्णांनी माझा खांदा धरून पहिली पायरी घेतली, मग दुसरी. तिसरीवर पाय थरथरायला लागला तेव्हा मी खड्ड्याच्या काठाशी गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी त्यांचा दंड धरला. केवढासा दंड राहिला होता, माझी बोटं एकमेकांना लागत होती. ते वाकले. त्यांचं सगळं वजन माझ्या हातांवर आलं. एका हातानं त्यांनी नळाखाली पाणी धरलं, नाकाशी नेलं, तोंडात घेतलं, फिरवलं, गिळलं. आम्ही दोघी बघत होतो.

"आलं," ते म्हणाले. "चांगलं हाय."

त्यांनी काठावरचा तांब्या घेऊन खालूनच भरून वर सरकवला. आईनं वाकून तो उचलला, फडक्यातून पेला गाळून घेतला आणि प्यायली. घटाघटा, डोळे मिटून, हनुवटीवरून ओघळ जाईपर्यंत. सबंध पेला.

मग तिनं रिकामा पेला माझ्यापुढं धरला. "अजून दे गं."

तांब्या माझ्यापासून वीतभर अंतरावर होता, आणि माझे दोन्ही हात अण्णांच्या दंडाला होते.